मेडिकल जर्नलसाठी पीअर रिव्ह्यू कसा करावा: इंदूरच्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शन

वैद्यकीय जर्नलकडे आलेला लेख छापायचा की नाही, हा निर्णय संपादकाचा असतो. पण कोणताही संपादक हृदयरोगापासून त्वचारोगापर्यंत सर्व विषयांत पारंगत नसतो, म्हणून तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे लेख पाठवून त्यांचे मत मागवतो. यालाच आपण पीअर रिव्ह्यू म्हणतो. हे काम विनामोबदला असते, बहुतेक जर्नल्समध्ये निनावी असते, आणि ते कसे करावे हे एमबीबीएसला कोणी शिकवत नाही, एमडीलाही नाही. थीसिस लिहिताना गाइडकडून जे कानावर पडले असेल, तेवढ्याच शिदोरीवर बहुतेकांचा पहिला रिव्ह्यू लिहिला जातो.

इंदूरमध्ये एमजीएम मेडिकल कॉलेज, खासगी महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये मिळून शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या डॉक्टरांची संख्या आता बरीच आहे, आणि त्यांत मराठी घरांतले डॉक्टरही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना रिव्ह्यूची निमंत्रणे येऊ लागली आहेत किंवा यावीत असे वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. लेखकाने केलेला दावा त्याची पद्धत आणि त्याचे आकडे पेलू शकतात का, हे तपासून संपादकाला सांगणे हे परीक्षकाचे मुख्य काम आहे. व्याकरण, संदर्भांची मांडणी, शीर्षकाची लांबी वगैरे गोष्टी त्यानंतर येतात, आणि वेळ उरला नाही तर त्या राहिल्या तरी चालतात.

निमंत्रण: मिळवणे, पारखणे, स्वीकारणे

निमंत्रणे बहुधा आपल्या छापून आलेल्या लेखांमुळे येतात. संपादक पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, विषय शोधतो आणि लेखावर दिलेल्या ईमेलवर पत्र धाडतो. वाट पाहत बसायचे नसेल तर ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक) काढून त्याला आपले लेख जोडावेत, आपल्या विषयाच्या जर्नलला परीक्षक म्हणून काम करण्याची इच्छा कळवावी, आणि आपण नेमके कशातले जाणकार आहोत ते बारकाईने लिहावे. नुसते ‘मेडिसिन’ असे लिहिणाऱ्याकडे काहीही येते. ‘टाइप २ मधुमेहातील मूत्रपिंडविकार, निरीक्षणात्मक अभ्यास’ असे लिहिणाऱ्याकडे त्याला झेपेल असे येते. सुरुवात भारतीय जर्नलपासून करणे चांगले. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च असो, इंडियन पीडियाट्रिक्स असो, किंवा मुंबईच्या केईएममधून निघणारे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन असो, तेथे येणारे पुष्कळसे लेख इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या ओपीडीत रोज दिसणाऱ्या रुग्णांसारख्याच रुग्णांवरचे असतात. कोणता दावा पटण्यासारखा आहे आणि कोणता नाही, हे तेथे आपल्याला अनुभवाने कळते.

दुसरी वाट ज्येष्ठांच्या हाताखाली शिकण्याची आहे. विभागप्रमुखांकडे आलेला लेख त्यांच्यासोबत वाचावा, दोघांनी वेगवेगळी टिपणे करावीत आणि मग ती एकत्र करून अहवाल पाठवावा. ही उत्तम पद्धत आहे, मात्र तिला एक अट आहे: संपादकाला आधी विचारायचे आणि दोघांची नावे कळवायची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे घडते. लेख वरिष्ठांकडे येतो, वाचतो रेसिडेंट, अहवालही तोच लिहितो, आणि नाव मात्र वरिष्ठांचे जाते. यात गोपनीयतेचा भंग होतोच, शिवाय ज्याने काम केले त्याची नोंद कोठेही राहत नाही. आपल्याकडे ‘सर, संपादकांना माझेही नाव कळवाल का?’ हा प्रश्न विचारणे कठीण असते, हे मान्य आहे. म्हणूनच तो प्रश्न विचारण्याची वेळ रेसिडेंटवर न आणणे ही वरिष्ठांची जबाबदारी ठरते.

आलेले प्रत्येक निमंत्रण खरे नसते. स्त्रीरोगतज्ज्ञाला नॅनोमटेरिअलवरचा लेख पाठवणारी, ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल’ अशी सुरुवात करणारी आणि अठ्ठेचाळीस तासांत अहवाल मागणारी पत्रे सरळ काढून टाकावीत. शंका असेल तर ते जर्नल मेडलाइन किंवा डीओएजे या पारखून घेतलेल्या जर्नल्सच्या याद्यांत आहे का, संपादक मंडळातील माणसे खरोखर आपापल्या संस्थेत आहेत का आणि त्यांना आपण त्या मंडळात असल्याचे माहीत आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलला आपले नाव परीक्षक म्हणून वापरू देणे, म्हणजे त्याच्या दुकानावर आपल्या नावाची पाटी लावणे होय.

निमंत्रण खरे असेल तर एक-दोन दिवसांत होकार किंवा नकार कळवावा. नकार देण्यात कमीपणा काहीच नाही. दोन आठवडे उत्तरच न देणे मात्र लेखकावर अन्याय करणारे आहे, कारण त्याचा लेख तेवढे दिवस नुसता पडून राहतो. नकार देताना त्या विषयातल्या एक-दोन योग्य व्यक्तींची नावे सुचवली तर संपादकाला मोठी मदत होते.

होकार देण्यापूर्वी वेळेचा हिशेब करावा. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या परीक्षकांवर झालेला एक अभ्यास १९९८ साली जामा या अमेरिकन वैद्यकीय जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परीक्षणावर घालवलेला वेळ तीन तासांपर्यंत वाढत गेला तसा परीक्षणाचा दर्जाही वाढत गेला, त्यापुढे मात्र फारसा फरक पडला नाही. वयाने तरुण असलेल्या आणि साथरोगशास्त्राचे किंवा संख्याशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या परीक्षकांचे अहवाल अधिक चांगले ठरले, हेही त्यात दिसले. पद मोठे नाही म्हणून मागे राहणाऱ्या सहायक प्राध्यापकांनी हे लक्षात ठेवावे. तीन तास मोकळे मिळणार नसतील तर नकार द्यावा. सराफ्याच्या खाऊगल्लीतून रात्री घरी आल्यावर झोपेपूर्वी उरकण्याचे हे काम नाही.

हितसंबंध आणि शहराचे लहानपण

औषध कंपनीकडून मिळालेले मानधन, लेखकाशी चालू असलेले संयुक्त संशोधन, त्याच विषयावर आपला स्वतःचा लेख तयार असणे, हे हितसंबंध उघडच आहेत आणि फॉर्ममध्ये ते विचारलेही जातात. आपल्यासारख्या शहरात अडचण वेगळ्या जागी येते. लेखकांची नावे झाकून पाठवलेल्या लेखात ‘मध्य भारतातील एका तृतीयक रुग्णालयात’ असे शब्द असतात, आणि यंत्राचे वर्णन, रुग्णसंख्या, अभ्यासाचा काळ वाचताच तो कोणत्या विभागाचा आहे हे इंदूरच्या डॉक्टरला ओळखता येते. लेखकांपैकी एखादा आपल्या बॅचचा असतो, दुसरा आपला गुरू असतो, तिसऱ्याच्या रुग्णालयाशी आपल्या रुग्णालयाची स्पर्धा असते.

ओळख पटली एवढ्याने नकार द्यायलाच हवा असे नाही, पण संपादकाला ते कळवलेच पाहिजे. ‘लेख कोणत्या संस्थेतून आला असावा याचा मला अंदाज आहे, त्या विभागातील एकाबरोबर मी काम केले आहे, तरीही मी परीक्षण करावे का, हे कृपया कळवावे’ एवढे वाक्य पुरेसे असते, पुढचे संपादक ठरवतो. गुरूचा लेख असेल तर मात्र सरळ नकार द्यावा, कारण त्यात कठोर लिहिले तरी मन खात राहते आणि सौम्य लिहिले तरी.

होकारानंतरची गोपनीयता याच लहानपणामुळे अवघड जाते. लग्नाच्या पंगतीत किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात कोणीतरी सहज विचारतो, ‘अहो, आमचा तो पेपर तुमच्याकडे आला होता का?’ यावर हो किंवा नाही यांपैकी काहीही उत्तर देऊ नये. अशा चौकशीवर आपण कधीच बोलत नाही, एवढेच सांगावे. नेहमी तसेच सांगत गेलो तर त्यातून कोणाला काही ताडता येत नाही.

लेख कसा वाचावा

पहिले वाचन सलग करावे, काहीही टिपू नये. ते झाल्यावर लेख बाजूला ठेवून तीन वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहावीत: प्रश्न काय होता, तो सोडवण्यासाठी काय केले, आणि उत्तर काय मिळाले. ही तीन वाक्ये लिहिता आली नाहीत तर दोष बहुधा लेखाचा असतो, आणि तोच आपला पहिला मोठा मुद्दा होतो.

दुसऱ्या वाचनात क्रम बदलावा. सारांश आणि चर्चा बाजूला ठेवून आधी पद्धती, मग तक्ते, आणि सर्वांत शेवटी चर्चा वाचावी. चर्चा आधी वाचली की लेखकाचे म्हणणे मनात बसते आणि मग तक्ते त्याच नजरेने दिसू लागतात.

पद्धती वाचताना एक उदाहरण समोर ठेवू. समजा, लेखकांनी मधुमेहाच्या ओपीडीतील १०० रुग्ण आणि १०० निरोगी व्यक्ती घेतल्या, सर्वांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व मोजले, मधुमेहींमध्ये ते कमी आढळले, आणि निष्कर्ष काढला की ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे मधुमेह होतो, म्हणून सर्व मधुमेहींना ते द्यावे. अशा प्रकारचे लेख परीक्षकाकडे वारंवार येतात. येथे पहिला प्रश्न निरोगी गट, म्हणजेच नियंत्रण गट, कोठून आला हा आहे. रुग्णालयातील कर्मचारी आणि रुग्णांचे नातेवाईक घेतले असतील तर ते वयाने लहान, अधिक हिंडणारे-फिरणारे आणि अधिक वेळ उन्हात असणारे असू शकतात. वजनाचे काय? लठ्ठपणात ड जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी कमी दिसते आणि लठ्ठपणाचा मधुमेहाशी संबंध आहेच. रक्ताचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? रुग्णांचे जानेवारीत आणि निरोगी गटाचे माळव्यातल्या मे महिन्यात घेतले असतील, तर दिसणारा फरक ऋतूचाही असू शकतो. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजल्या आहेत, त्यामुळे आधी काय झाले हे या अभ्यासातून कळूच शकत नाही. मधुमेहामुळे घराबाहेर पडणे कमी झाले आणि त्यातून ड जीवनसत्त्व कमी झाले, असेही असेल.

आता या लेखाचे काय करायचे? तो सरळ फेकून देण्याजोगा नाही. गटांची निवड नीट सांगितली, वय, वजन आणि ऋतू यांचा हिशेब विश्लेषणात धरला, आणि ‘मधुमेही रुग्णांमध्ये पातळी कमी आढळली’ एवढ्यावर निष्कर्ष थांबवला, तर तो छापण्याजोगा होऊ शकतो. ‘सर्व मधुमेहींना द्यावे’ हे वाक्य मात्र कोणत्याही परिस्थितीत काढावे लागेल, कारण या अभ्यासात कोणालाही काहीही दिलेलेच नाही. दावा कापून आकड्यांच्या मापाचा करण्याचे हे काम परीक्षणाचा गाभा आहे. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही; ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला असतात तेवढे प्रश्न मनात असले की पुरे.

तक्त्यांसाठी कॅल्क्युलेटर जवळ ठेवावा. प्रत्येक ओळीची बेरीज एकूण रुग्णसंख्येशी जुळते का, मजकुरातले टक्के तक्त्यातल्या टक्क्यांशी जुळतात का, आणि सारांशातला आकडा तक्त्यात सापडतो का, हे पाहायला वीस मिनिटे लागतात आणि आश्चर्य वाटावे इतक्या गोष्टी सापडतात. ३७ रुग्णांपैकी ४५.० टक्के असे लिहिले असेल, तर १६ रुग्ण म्हणजे ४३.२ टक्के आणि १७ म्हणजे ४५.९ टक्के; मधला आकडा येणे शक्य नाही. सरासरीलाही हीच कसोटी लावता येते. २५ रुग्णांची वेदना ० ते १० अशा पूर्णांकांत मोजली आणि सरासरी ३.४७ दिली असेल, तर २५ ने गुणल्यावर ८६.७५ येतात, आणि पूर्णांकांची बेरीज अशी असूच शकत नाही. ८६ असते तर सरासरी ३.४४ आली असती, ८७ असते तर ३.४८. याचा अर्थ लगेच लबाडी असा घेऊ नये. छपाईची चूक असेल, दोन-तीन रुग्णांची नोंद राहिली असेल. पण प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणखी दोन हिशेब सदैव उपयोगी पडतात. लेखकांनी २० वेगवेगळ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तुलना केल्या आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आल्यास फरक खरा मानला, तर प्रत्यक्षात कोठेही काही फरक नसतानाही किमान एक तुलना ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणून एकूण तुलना किती केल्या आणि मुख्य तुलना कोणती हे आधी ठरले होते का, असे विचारावे. दुसरा हिशेब सुरक्षिततेचा. ‘३० रुग्णांत एकही दुष्परिणाम आढळला नाही, म्हणून औषध सुरक्षित आहे’ हे वाक्य वारंवार दिसते. ३० पैकी शून्य याचा ९५ टक्के विश्वासाने एवढाच अर्थ होतो की दुष्परिणामाचे खरे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत असू शकते. ३ ला रुग्णसंख्येने भागले की ही वरची मर्यादा अदमासे मिळते. दर दहा रुग्णांत एकाला त्रास देऊ शकणाऱ्या औषधाला सुरक्षित म्हणवत नाही.

आपल्याला न समजणारे विश्लेषण आले, तर तसे संपादकाला स्पष्ट लिहावे आणि संख्याशास्त्रज्ञाचे मत घ्यावे असे सुचवावे. गप्प राहिलो तर त्या भागाला आपली संमती आहे असा अर्थ घेतला जातो.

नोंदणी, संमती आणि एथिक्स कमिटी

क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) क्रमांक घेऊन नोंदणीचे पान स्वतः उघडून पाहावे. भारताची ही नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिच्यात पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख, नोंदवलेली रुग्णसंख्या आणि लेखातली रुग्णसंख्या, आणि मुख्य परिणाम म्हणून तेव्हा काय मोजायचे ठरले होते व आता काय सांगितले जात आहे. मुख्य परिणाम मधल्यामध्ये बदललेला असणे हा गंभीर दोष आहे, आणि तो लेख कितीही वेळा वाचला तरी दिसत नाही; नोंदणीचे पान उघडले की दिसतो.

एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक आणि तारीख आहे का, लेखी संमती कोणत्या भाषेत व कशी घेतली, निरक्षर रुग्णांच्या बाबतीत काय केले, हे प्रश्न इंदूरच्या परीक्षकाने विसरण्याजोगे नाहीत. औषधचाचण्यांतील गैरप्रकारांबाबत इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने २०१३ साली संमतीचे दृक्श्राव्य चित्रीकरण करण्याचा आदेश दिला, आणि पुढे २०१९ च्या नियमांत, नव्या रासायनिक घटकांच्या चाचण्यांत दुर्बल गटांतील सहभागींसाठी ते बंधनकारक राहिले. त्यामुळे ‘संमती घेतली होती’ या एका ओळीवर समाधान मानू नये.

लेखात काय काय सांगितलेले असावे, याच्या याद्या अभ्यासाच्या प्रकारानुसार तयार आहेत: नियंत्रित चाचणीसाठी कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, निदान-चाचणीसाठी स्टार्ड, पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा, केस रिपोर्टसाठी केअर. इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर त्या सर्व विनामूल्य मिळतात. त्यांचा उपयोग स्मरणासाठी करावा. यादीतल्या सर्व खुणा जुळल्या तरी अभ्यास मुळात निरर्थक असू शकतो.

अहवाल लिहिणे

बहुतेक जर्नल्सच्या फॉर्ममध्ये दोन चौकटी असतात, एक लेखकांसाठी आणि एक फक्त संपादकासाठी. लेख स्वीकारावा की नाकारावा ही शिफारस दुसऱ्या चौकटीत जाते. लेखकांसाठीच्या मजकुरात ती लिहू नये. आपण ‘छापावा’ लिहिले आणि दुसऱ्या परीक्षकाच्या मतावरून संपादकाने नकार दिला, तर लेखकापुढे संपादक अडचणीत येतो. मात्र दोन चौकटींत दोन सूर नसावेत. लेखकांना ‘उत्तम अभ्यास’ म्हणायचे आणि संपादकाला ‘हा टाकाऊ आहे’ असे कळवायचे, हा प्रकार मला फार खटकतो. असे परीक्षक कमी नाहीत.

लेखकांसाठीच्या अहवालाची सुरुवात त्या तीन वाक्यांनी करावी, जी आपण पहिल्या वाचनानंतर लिहिली होती. लेख आपण खरोखर वाचला आहे हे त्यातून लेखकाला कळते, आणि आपला समज चुकला असेल तर तोही उघड होतो. त्यानंतर मोठे मुद्दे, क्रमांक देऊन, पान आणि ओळ सांगून. मोठा मुद्दा म्हणजे ज्याने निष्कर्ष बदलू शकतो असा. असे मुद्दे क्वचितच पाच-सहांपेक्षा अधिक असतात. तीस मुद्द्यांचा अहवाल हाती आला की त्यांतले दोन खरे महत्त्वाचे कोणते हे लेखकालाही कळत नाही आणि संपादकालाही. शेवटी किरकोळ दुरुस्त्या थोडक्यात द्याव्यात.

‘पद्धत कमकुवत आहे’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘नियंत्रण गटातील व्यक्ती कोठून आणि कोणत्या महिन्यांत निवडल्या ते द्यावे. दोन्ही गटांचे नमुने वेगवेगळ्या ऋतूंत घेतले असल्यास ऋतूचा परिणाम वगळणारे विश्लेषण जोडावे. ते शक्य नसल्यास ही मर्यादा चर्चेत स्पष्ट लिहून निष्कर्ष तेवढा सौम्य करावा.’ यात दोष काय, तो का महत्त्वाचा, आणि काय केल्याने सुधारेल हे तिन्ही आले. सूचना पाळता येण्याजोगी असावी. अभ्यास संपून दोन वर्षे झाल्यावर ‘आणखी ३०० रुग्ण घ्या’ असे सांगण्यात अर्थ नसतो. ‘एवढ्या रुग्णांवरून एवढेच म्हणता येते’ हे सांगण्यात असतो.

भाषेबद्दल उदार असावे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातून आलेल्या लेखाचे इंग्रजी खडबडीत असते, पण आकडे प्रामाणिक असू शकतात; उलट गुळगुळीत इंग्रजीतले आकडे पोकळ निघू शकतात. अर्थ लागत नाही अशी वाक्ये तेवढी दाखवावीत. स्वतःचे लेख उद्धृत करायला लावणे हा तर उघड गैरवापर आहे. आपला लेख खरोखरच अपरिहार्य असेल तर ते कारण देऊन संपादकाला सांगावे. आणि पाठवण्यापूर्वी अहवाल एकदा अशा रीतीने वाचावा, जणू त्याखाली आपली सही आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने १९९९ पासून परीक्षकांची नावे लेखकांना सांगायला सुरुवात केलीच आहे, त्यामुळे ही कल्पना फार दूरची नाही.

सुधारित लेख परत आला की तो टाळू नये. लेखकांनी दिलेली उत्तरे आणि प्रत्यक्ष लेखातले बदल ताडून पाहावेत, कारण उत्तरात ‘दुरुस्ती केली’ असते आणि लेखात ती नसते. पहिल्या फेरीत आपल्याला दिसले असते असे नवे आक्षेप आता काढणे बरोबर नाही. मात्र दोष गंभीर असेल आणि आधी नजरेतून सुटला असेल, तर तसे सांगून तो मांडावा.

शंका आली तर, आणि लेख आपल्याजवळ असेपर्यंत

मजकूर दुसरीकडून उचललेला वाटला, तोच लेख इतरत्र छापलेला आढळला, किंवा आकडे रचलेले असावेत असे वाटले, तर लेखकाला फोन करू नये, सहकाऱ्यांत बोलू नये आणि अहवालात आरोपही करू नये. नेमके काय दिसले ते पुराव्यासह फक्त संपादकाला कळवावे. अशा तक्रारींचे पुढे काय करायचे याची पद्धत प्रकाशनातील नीतिमत्तेवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने संपादकांना आखून दिलेली आहे.

लेख आपल्याकडे विश्वासाने आलेला असतो. त्यातली कल्पना आपल्या पुढच्या प्रकल्पात वापरायची नाही, तक्ता वर्गात दाखवायचा नाही, आणि अहवाल पाठवल्यावर फाइल संगणकावरून व व्हॉट्सअ‍ॅपवरूनही काढून टाकायची. हल्ली एक नवा मोह आहे: लेख चॅटजीपीटीसारख्या साधनात टाकून अहवाल तयार करून घेणे. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, २०२३ साली आपल्या शिफारशींत सांगितले की जेथे गोपनीयतेची हमी नाही अशा साधनात परीक्षकांनी लेख टाकू नये. आपल्या अहवालाची भाषा सुधारण्यासाठी अशी मदत घ्यायची असेल, तरी आधी जर्नलचा नियम पाहावा आणि मदत घेतल्याचे सांगावे.

यातून मिळते काय

पैसे मिळत नाहीत, आणि आपल्याकडे पदोन्नतीसाठी छापलेले लेख मोजले जातात, तपासलेले नव्हे. तरीही मिळते ते कमी नाही. संपादकाचा निर्णय आल्यावर अनेक जर्नल्स इतर परीक्षकांचे अहवालही आपल्याला पाठवतात; ते जरूर वाचावेत. त्याच लेखात दुसऱ्याला काय दिसले आणि आपल्याला काय दिसले नाही, याची तुलना करणे हे माझ्या मते या कामातले सर्वांत मोलाचे शिक्षण आहे, आणि ते डॉक्टरांसाठीच्या कोणत्याही सीएमईत, म्हणजे प्रशिक्षण-कार्यक्रमात, मिळत नाही. दहा-बारा लेख तपासल्यावर स्वतःचा लेख लिहितानाच नियंत्रण गट खटकू लागतो, रेसिडेंटच्या थीसिसचा आराखडा पाहतानाच सॅम्पल साइजवर हात थांबतो, आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी आलेख दाखवतो तेव्हा नजर आधी खालच्या रुग्णसंख्येकडे जाते.

या कामाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. अ‍ॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिनने मायग्रेनवर प्रोप्रानोलॉल देण्याच्या एका काल्पनिक चाचणीचा लेख, त्यात मुद्दाम १० मोठ्या आणि १३ किरकोळ चुका पेरून, आपल्याच परीक्षकांकडे पाठवला होता. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मोठ्या चुकांपैकी सुमारे दोन तृतीयांश निसटल्या, आणि ६८ टक्के परीक्षकांच्या हे लक्षातच आले नाही की लेखाचा निष्कर्ष त्याच्या आकड्यांवर टिकत नाही. कोविडच्या काळात २२ मे २०२० रोजी लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लेख आला, ६७१ रुग्णालये आणि ९६ हजारांहून अधिक रुग्णांचा. मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळू शकली नाही, आणि ४ जून रोजी तो मागे घेतला गेला. तोही लेख परीक्षकांच्या हाताखालून गेलेला होता. मूळ माहिती कोठून आली, ती कोणी गोळा केली आणि ती कोणाला पाहता येईल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालात असतो.

किती परीक्षणे करावीत, याचा एक साधा हिशेब आहे. आपण पाठवलेला प्रत्येक लेख दोन-तीन जणांचा वेळ घेतो, म्हणून वर्षाकाठी निदान तितकी परीक्षणे आपल्याकडून व्हावीत. केलेल्या कामाची नोंद ऑर्किडवर किंवा वेब ऑफ सायन्सच्या प्रोफाइलवर ठेवता येते. अनेक जर्नल्स प्रमाणपत्र देतात, आणि नियमित, वेळेवर अहवाल देणाऱ्याला पुढे संपादक मंडळावर बोलावलेही जाते. बायोडेटात या कामाचा उल्लेख करताना जर्नलचे नाव आणि वर्ष द्यावे. लेखाचे शीर्षक देऊ नये.